देवमाशांच्या दोन वह्या

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडचा व्यापारी नव्या वहीला हळदकुंकू वाहतो, पहिल्या पानावर ‘श्री’ काढतो आणि मगच तिच्यात पहिली रक्कम लिहितो. या पूजेचा मला समजलेला अर्थ साधा आहे. पेढी कितीही मोठी असो, वही खोटी असली की ती आज ना उद्या बुडायचीच. पण दोन वह्या ठेवणारी माणसे केवळ बाजारपेठेत असतात असे समजू नका. जगातल्या एका बलाढ्य राष्ट्राने सुमारे पंचवीस वर्षे चक्क समुद्राच्या दोन वह्या ठेवल्या होत्या. एक जगाला दाखवायची, दुसरी कुलपात ठेवायची. आणि त्या कुलपातल्या वहीचे एक पान आपल्या अरबी समुद्राचे आहे.

ते पान असे. १९६६ साली दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली होती. मुंबई-रत्नागिरीकडे घरोघर आकाशकंदील लागत होते, त्याच महिन्यात ‘स्लावा’ आणि ‘सोव्हेत्स्काया उक्राइना’ या दोन सोव्हिएट कारखाना-जहाजांचे ताफे अरबी समुद्रात शिरले. ओमान, पाकिस्तान आणि भारताचा वायव्य किनारा यांच्यासमोरच्या पाण्यात त्यांनी कुबड्या जातीचे देवमासे मारण्याचा सपाटा लावला. आदल्या वर्षीचे मोजके धरून हा आकडा २४२ वर गेला. अशा जहाजांनी या समुद्रात ही शिकार करू नये असा आंतरराष्ट्रीय नियम होता, आणि त्या करारावर सोव्हिएट रशियाची सही होती. जगाला दाखवायच्या वहीत या २४२ प्राण्यांची नोंद झाली नाही. ती उघडकीस यायला जवळजवळ तीस वर्षे लागली.

समुद्र कोणा एकाचा नाही, म्हणून तो सर्वांनी मिळून राखला पाहिजे, हे वाक्य सभेत टाळ्या घेते. पण ते प्रत्यक्षात उतरवायचे म्हणजे काय करायचे, त्यात कोण कोणाला फसवतो, आणि अखेर यश येते ते कशाने, हे देवमाशांच्या हकीकतीतून जितके कळते तितके दुसऱ्या कशातून कळत असेल असे मला वाटत नाही. म्हणून ती मुळापासून सांगतो.

लोण्याच्या बशीतला देवमासा

रत्नागिरीच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा ठेवलेला आहे. तो मी पाहायला गेलो तेव्हा शेजारी उभे असलेले एक गृहस्थ आपल्या मुलाला सांगत होते, “बघ रे, केवढा मासा!” नाव देवमासा असले तरी हा प्राणी मासा नव्हे. तो हवेत श्वास घेतो, पिल्लाला जन्म देतो आणि त्याला अंगावर पाजतो. त्यातला निळा देवमासा हा तर आज पृथ्वीवर असलेल्या प्राण्यांत सर्वांत मोठा. त्याची लांबी शंभर फुटांच्या घरात जाते. आणि एवढे धूड ज्यावर जगते तो क्रिल म्हणजे आपल्या जवळ्याचा थोरला भाऊ शोभावा असा, कोळंबीसारखा दिसणारा बोटभर जीव!

असा प्राणी माणसाने मारला तो मुख्यतः त्याच्या चरबीसाठी. त्या चरबीच्या तेलावर पूर्वी दिवे जळत, साबण होई, यंत्रांना वंगण मिळे. पुढे रॉकेल आले तेव्हा देवमाशाची सुटका व्हायची. पण झाले उलटेच. विसाव्या शतकाच्या आरंभी तेलात हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट करण्याची युक्ती निघाली. ज्या क्रियेने आपल्याकडे वनस्पती तूप होऊ लागले, त्याच क्रियेने युरोपात देवमाशाच्या तेलाचे मार्गारिन होऊ लागले. लंडन-बर्लिनच्या मध्यमवर्गीय घरांत सकाळच्या पावावर स्वस्त लोणी म्हणून जे फासले जाई, त्यात दक्षिण ध्रुवाकडच्या देवमाशाचा मोठा वाटा असे. खाणाऱ्याला त्याचा वासही येत नसे आणि विचारही येत नसे.

शिकारीची साधनेही त्याच सुमारास पालटली. नॉर्वेच्या स्वेन फॉयन याने १८७० च्या आसपास तोफेतून सुटणारा आणि अंगात शिरल्यावर फुटणारा हार्पून भाला सिद्ध केला. १९२५ साली जहाजाच्या मागल्या अंगाला उतरण काढून अख्खा देवमासा डेकवर ओढून घेण्याची सोय झाली. तोपर्यंत मारलेला प्राणी बंदरात आणावा लागे. बंदर आले की सरकार आले, परवाना आला, पट्टी आली. आता भर समुद्रातच चिरफाड, तिथेच चरबी उकळणे, तिथेच तेलाच्या टाक्या भरणे. सरकारचा हात जिथे पोचत नाही तिथे कारखाना जाऊन बसला! १९३०-३१ च्या एका हंगामात दक्षिण समुद्रात सुमारे २९ हजार निळे देवमासे मारले गेले. तेल इतके झाले की बाजारात त्याचा भाव कोसळला. विसाव्या शतकात सगळ्या जातींचे मिळून जवळजवळ २९ लाख देवमासे माणसाने मारले, असा पुढे शास्त्रज्ञांनी हिशेब केला आहे.

एक म्हैस म्हणजे सहा शेळ्या

दुसरे महायुद्ध संपल्यावर राष्ट्रांना शहाणपण सुचले. २ डिसेंबर १९४६ रोजी वॉशिंग्टन येथे पंधरा राष्ट्रांनी देवमाशांच्या शिकारीविषयी करार केला आणि त्यातून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशन जन्मास आले. कराराचा हेतू मोठा उदात्त होता. पुढच्या पिढ्यांसाठी देवमासे राखायचे आणि शिकारीचा धंदाही शिस्तीत चालू ठेवायचा. म्हणजे पहिल्याच दिवशी कमिशनचे दोन पाय दोन डगरींवर होते.

त्यात मोजमापाची पद्धत अशी चमत्कारिक की वाचून हसावे की रडावे कळत नाही. दक्षिण समुद्रासाठी दर हंगामाला कोटा ठरे, आणि तो ‘निळ्या देवमाशाच्या मापात’ सांगितला जाई. एक निळा म्हणजे दोन फिन, किंवा अडीच कुबडे, किंवा सहा सेई. बराच काळ हा कोटा सोळा हजार मापांचा होता. आपल्याकडे कोणी म्हणावे की एक म्हैस म्हणजे दोन गाई म्हणजे सहा शेळ्या. गावातून हवी ती सोळा हजार मापे उचला! असा हुकूम मिळाल्यावर नेणारा आधी काय नेईल? म्हशीच नेईल. एका भाल्यात जास्तीत जास्त तेल देणारा निळा देवमासा होता. शिकारी त्याच्यामागे लागले. तो दुर्मिळ झाला तशी फिनवर पाळी आली, मग सेईवर. कोणती जात किती उरली याचा विचार या मापात कुठेच नव्हता.

भरीस भर म्हणून कोटा सगळ्यांना मिळून एक. नॉर्वेतील सँडेफ्योर्ड गावी एक कचेरी होती. तिथे जहाजे आपापल्या शिकारीचे आकडे कळवीत, आणि बेरीज कोट्याजवळ आली की कचेरी हंगाम बंद झाल्याचे जाहीर करी. तोवर ज्याने जितके मारले तितके त्याचे. पंगतीत एकच पातेले ठेवून “संपेपर्यंत वाढून घ्या” म्हटले तर काय होईल, ते दक्षिण समुद्रात होत असे.

शिवाय दोन पळवाटा होत्या. एखादा ठराव कोणा राष्ट्राला रुचला नाही तर नव्वद दिवसांच्या आत हरकत नोंदवावी. मग तो ठराव त्याला लागू नाही. आणि प्रत्येक कारखाना-जहाजावर नियम पाळले जातात की नाही हे पाहायला दोन निरीक्षक असत खरे, पण ते नेमायचे त्या जहाजाच्याच सरकारने, आणि पगारही त्याच सरकारचा. घरच्या माणसाने घरचीच झडती घ्यायची!

१९६० साली कमिशनने तीन शास्त्रज्ञांची समिती नेमली. ही माणसे शिकारी राष्ट्रांपैकी कोणाची नव्हती, आणि आकडेशास्त्रात मुरलेली होती. त्यांतले एक, सिडनी होल्ट, पुढे आयुष्यभर देवमाशांसाठी झगडले. समितीने १९६३ साली सांगितले ते थोडक्यात असे : मुद्दल संपत आले आहे, व्याज खायचे सोडून तुम्ही ठेवच खात आहात. त्याच सुमारास ठरलेला कोटाही जहाजांकडून भरेनासा झाला होता. दक्षिण समुद्रात कुबड्या देवमाशाची शिकार १९६३ साली बंद करण्यात आली, आणि त्यामागोमाग निळ्याची. कागदोपत्री तरी बंद झाली.

तळघरातले कागद

आणि इथे ती दुसरी वही येते.

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर कुबडे देवमासे दर वर्षी ठराविक महिन्यांत ये-जा करीत. १९६० नंतर ते एकाएकी दिसेनासे झाले. ऑस्ट्रेलियातील टँगालूमा येथील शिकारकेंद्राला १९६२ साली टाळे लागले, कारण मारायला देवमासे उरले नाहीत. शास्त्रज्ञ कोड्यात पडले. सर्व राष्ट्रांनी कळवलेले आकडे जोडले तरी एवढी घट होण्याचे कारण नव्हते. जमाखर्च जुळत नव्हता.

तो जुळला १९९३ साली. सोव्हिएट संघ मोडल्यावर अलेक्सेई याब्लोकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने जाहीर सांगितले की आमच्या देशाने कमिशनला दिलेले आकडे खोटे होते. मग खऱ्या नोंदी बाहेर येऊ लागल्या. दक्षिण गोलार्धात सोव्हिएट ताफ्यांनी कळवलेले कुबडे देवमासे २,७१०. प्रत्यक्षात मारलेले ४८ हजारांहून अधिक. त्यांपैकी २५ हजारांवर तर १९५९ ते १९६१ या दोनच हंगामांत. सर्व जाती धरून सुमारे १ लाख ८० हजार देवमासे जगाच्या वहीत कधी चढलेच नव्हते.

एवढी हत्या कशासाठी? रशियन माणसाला देवमाशाच्या मांसाची गोडी नव्हती. गरज होती ती योजनेतला आकडा गाठण्याची. वरून लक्ष्य येई. ते गाठले की बक्षीस, ओलांडले की मानपत्र. आणि पुढच्या वर्षीचे लक्ष्य त्याहून मोठे. कित्येकदा चरबी तेवढी सोलून बाकीचे धूड समुद्रात लोटून दिले जाई. लक्ष्मीच्या लोभापायी माणूस पाप करतो हे आपण ऐकत आलो. इथे नुसत्या आकड्याच्या लोभापायी झाले.

पण या काळ्या हकीकतीत काही माणसे मला फार मोठी वाटतात. त्या जहाजांवर शास्त्रज्ञ होते. मारलेल्या प्रत्येक प्राण्याची लांबी, नर की मादी, पोटात काय, गर्भ आहे का, हे ते इमानाने लिहून ठेवीत. ती वही गुप्त ठरे. एका शास्त्रज्ञाने तर हजारो देवमाशांची नोंदपत्रे नष्ट होऊ नयेत म्हणून आपल्या घरी, बटाटे साठवायच्या तळघरात लपवून ठेवली. पोलादी पडद्याच्या त्या दिवसांत ही गोष्ट धोक्याची होती. खोटी वही सरकारने ठेवली, खरी वही माणसांनी जपली.

अरबी समुद्रातल्या त्या २४२ देवमाशांची माहितीही अशाच नोंदींतून, युरी मिखालेव या शास्त्रज्ञामुळे १९९७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातून एक विलक्षण गोष्ट कळली. इतर ठिकाणचे कुबडे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात चरायला जातात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात विणीसाठी येतात. अरबी समुद्रातले जात नाहीत. त्यांच्या पोटांतले अन्न आणि गर्भांची वाढ पाहिल्यावर दिसून आले की ते बारमाही इथलेच रहिवासी आहेत. पुढे त्यांच्या आनुवंशिक तपासणीवरून शास्त्रज्ञांनी सांगितले की हा गोतावळा सुमारे ७० हजार वर्षे इतरांपासून वेगळा राहिलेला आहे. असे घराणे जगात दुसरे नाही. आणि त्याची ओळख आपल्याला झाली ती त्याच्या कत्तलीच्या वहीतून.

न्यायासाठी सांगितले पाहिजे की लबाडी एकट्या रशियाने केली नाही. ओनासिस या धनाढ्य ग्रीक जहाजमालकाचा ताफा १९५० नंतरच्या काही वर्षांत पनामाचे निशाण लावून बेकायदा शिकार करीत असे, आणि १९५४ साली पेरूच्या आरमाराने तो पकडलाही होता. जपानच्या काही किनारी केंद्रांतही आकडे फिरवले जात, असे पुढे जपानी जाणकारांनीच लिहिले आहे. पण इतक्या मोठ्या प्रमाणावर, सरकारी शिक्क्याने, दुसऱ्या कोणी केल्याचे उघड झालेले नाही.

परक्याचा माणूस आपल्या डेकवर

मग हे थांबले कसे? उपदेशाने नव्हे. १९७२ साली, कित्येक वर्षांच्या चालढकलीनंतर, एका देशाच्या जहाजावर दुसऱ्या देशाचा निरीक्षक ठेवण्याची पद्धत सुरू झाली. जपानचा माणूस रशियाच्या डेकवर उभा राहिला आणि रशियाचा जपानच्या. गोष्ट दिसायला किती लहान! पण तेव्हापासून मोठी लबाडी आटोपली. सगळे एकदम सोवळे झाले असे नाही. तरी परक्या डोळ्यांसमोर हजारो देवमासे दडवणे शक्य उरले नाही. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे गळ्यात गळा घालणे असे आपल्याला वाटते. मला तर ही गोष्ट वाचल्यावर वाटू लागले, की आपली वही दुसऱ्याला तपासू देणे हेच खरे सहकार्य.

त्याच वर्षी स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणावरील परिषद भरली. इंदिरा गांधींचे भाषण जिथे गाजले तीच ही परिषद. तिने व्यापारी शिकार दहा वर्षे स्थगित ठेवण्याची मागणी केली. कमिशनने ती तेव्हा मानली नाही. परंतु लोकमत पालटत होते, आणि त्याला कारण झाले एक गाणे. रॉजर पेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने कुबड्या देवमाशांच्या आवाजांची ध्वनिमुद्रिका १९७० साली काढली. नराचे ते लांबच लांब, पुनःपुन्हा येणाऱ्या पदांचे गायन घराघरांतल्या फोनोवर वाजू लागले, आणि तेलाच्या पिंपाला गळा आहे हे लोकांना प्रथमच समजले. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या सोनेरी तबकडीत माणसांच्या अभिवादनांबरोबर देवमाशाचा आवाजही आहे.

१९७९ साली एका चिमुकल्या देशाने बाजी मारली. आपल्याच हिंदी महासागरातील सेशेल्स बेटे. स्वतंत्र होऊन तीन वर्षे झालेली, लोकसंख्या लाखाच्याही आत. त्यांच्या शिष्टमंडळाने ठराव आणला की हिंदी महासागर हे देवमाशांचे अभयारण्य व्हावे, आणि तो संमत झाला. उत्तरेला आपल्या किनाऱ्यापासून दक्षिणेला ५५ अंश अक्षांशापर्यंतचा हा एवढा मोठा जलप्रदेश व्यापारी शिकारीला बंद झाला. सिडनी होल्ट या शिष्टमंडळात होते.

भारत १९८१ साली कमिशनचा सभासद झाला. पुढच्याच वर्षी, २३ जुलै १९८२ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे निर्णायक मतदान झाले. व्यापारी शिकार सर्वत्र थांबवावी या बाजूने २५ मते, विरुद्ध ७, तटस्थ ५. भारताचे आणि ओमानचे मत बंदीच्या बाजूने पडले. ती बंदी १९८५-८६ च्या हंगामापासून अमलात आली आणि आजही उठलेली नाही.

नव्वद दिवसांची पळवाट मात्र होतीच. जपान, नॉर्वे, रशिया यांनी हरकती नोंदवल्या. अमेरिकेत तेव्हा कायदा होता की जे राष्ट्र कमिशनच्या ठरावाला सुरुंग लावील, त्याचा अमेरिकन पाण्यातला मासेमारीचा वाटा कापावा. अलास्काजवळची मासेमारी हातची जाऊ नये म्हणून जपानने हरकत मागे घेतली. पण ‘शास्त्रीय संशोधनासाठी’ म्हणून शिकार चालू ठेवली. त्यावर ऑस्ट्रेलियाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली, आणि ३१ मार्च २०१४ रोजी न्यायालयाने ठरवले की अंटार्क्टिकातला तो कार्यक्रम संशोधनाच्या व्याख्येत बसत नाही. अखेर ३० जून २०१९ रोजी जपान कमिशनमधून बाहेर पडला. दक्षिण ध्रुवाकडची शिकार त्याने सोडली आणि स्वतःच्या पाण्यात व्यापारी शिकार सुरू केली.

जपानची बाजूही ऐकावी. युद्धानंतरच्या उपासमारीत तिथल्या शाळकरी मुलांना देवमाशाच्या मांसाने तारले. “तुम्ही तेलापुरते मारून बाकीचे फेकलेत, आम्ही सारे खाल्ले, आता नीती आम्हालाच का शिकवता?” असे तो देश विचारतो, तेव्हा पाश्चात्त्यांना उत्तर देणे सोपे जात नाही. अलास्का आणि ग्रीनलंडच्या आदिवासींना पोटापुरती शिकार करण्याची मुभा कमिशनने दिलेली आहेच. वाद भुकेचा नसून बाजाराचा आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात.

जमा काय, खर्च काय

या साऱ्या खटाटोपाचे फळ दिसले का? दिसले. ब्राझीलच्या बाजूचे, नैर्ऋत्य अटलांटिकमधील कुबडे देवमासे १९५० नंतर एका वेळी अवघे साडेचारशे उरले होते, असा हिशेब आहे. आज ते २५ हजारांच्या आसपास आहेत. माणसाने हात मागे घेतला आणि समुद्राने आपले आपण भरून काढले, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

निळ्याची गती मात्र फार मंद. अंटार्क्टिकात एके काळी त्यांची संख्या दोन लाखांहून अधिक होती. १९७० नंतरच्या वर्षांत ती साडेतीनशेच्या घरात आली. १९९८ सालचा अंदाज सुमारे २,२८० चा आहे. मादी दोन-तीन वर्षांतून एका पिल्लाला जन्म देते. तिला घाई करता येत नाही.

यात नुसत्या एका प्राण्याचा प्रश्न नाही. देवमासा खोल पाण्यात चरतो आणि पृष्ठभागाजवळ येऊन मलविसर्जन करतो. त्या मळात लोह असते, आणि समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींना ते खत होते. त्या वनस्पतींवर क्रिल, क्रिलवर मासे, पेंग्विन आणि पुन्हा देवमासा. मेल्यावर त्याचे धूड तळाशी जाते आणि तिथल्या अंधारात कित्येक वर्षे असंख्य जीवांची अन्नछत्रे चालवते. गाईच्या शेणावाचून आपले शेत नाही, तसेच हे. म्हणून १९८० साली राष्ट्रांनी अंटार्क्टिकाच्या सागरी जीवसृष्टीविषयी वेगळा करार केला, त्यात क्रिल पकडतानाही तो खाणाऱ्यांचा विचार करावा असे तत्त्व घातले. भारतही त्यात आहे.

आपल्या अंगणात

आता पुन्हा घराकडे येऊ. अरबी समुद्रातील कुबडे देवमासे ओमानच्या किनाऱ्यालगत शंभरापेक्षाही कमी उरले असावेत, असा अंदाज आहे. २०१७ साली ओमानमध्ये शास्त्रज्ञांनी एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवले. तिचे नाव लुबान. अरबीत लुबान म्हणजे ऊद. आपल्या घरातला लोबान तो हाच शब्द. ही लुबान अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली आणि परत गेली. तिला पासपोर्ट लागला नाही. पण तिला राखायचे तर ओमान, पाकिस्तान, भारत आणि श्रीलंका या सर्वांना एका वहीत लिहावे लागेल; कोणा एकाच्या पाण्यात ती मावत नाही.

आज हार्पूनचे भय तिला नाही. भय आहे ते मासेमारीच्या जाळ्यांचे, मोठ्या जहाजांच्या धडकेचे आणि त्यांच्या गोंगाटाचे. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाशी जगातला अत्यंत गजबजलेला जहाजमार्ग निळ्या देवमाशांच्या चरण्याच्या जागेवरून जातो. २०२२ साली एका मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजे तिथून सुमारे पंधरा सागरी मैल दक्षिणेला वळवली. एवढेसे वळण, पण ते सगळ्यांनी घेतले पाहिजे.

कोकणच्या लोकांना देवमासा परका नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीत, गणपतीपुळ्याच्या वाळूत एक पिल्लू येऊन अडकले. सण टाकून गावकरी आणि वनखात्याचे लोक त्याच्या अंगावर पाणी ओतत राहिले, आणि सुमारे चाळीस तासांच्या खटपटीने त्याला समुद्रात नेऊन सोडले. ते जगले नाही. पण शंभर वर्षांपूर्वी अशा पिल्लाकडे तेल म्हणून पाहिले गेले असते. दुसरीकडे ‘देवमाशाच्या उलटी’चे, म्हणजे अंबरग्रीसचे लाखोंचे सौदे करताना पकडलेल्यांच्या बातम्याही याच किनाऱ्यावरून येतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याची विक्री गुन्हा आहे, हे घरच्या मुलांना सांगून ठेवावे.

कोरे पान

आजवर राष्ट्रांचे कायदे बहुधा आपापल्या किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंत चालत. त्यापलीकडचा समुद्र, म्हणजे महासागरांचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग, बेवारशी म्हणावा असाच होता. त्यासाठी जवळजवळ वीस वर्षे चर्चा चालून १९ जून २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांत करार संमत झाला. भारताने त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली. साठ राष्ट्रांनी तो मंजूर केला आणि १७ जानेवारी २०२६ पासून तो अमलात आला. खुल्या समुद्रात राखीव क्षेत्रे नेमता येतील, मोठे उद्योग सुरू करण्यापूर्वी त्यांचा जीवसृष्टीवर काय परिणाम होईल ते तपासावे लागेल, आणि तिथल्या जीवांपासून मिळणाऱ्या ज्ञानाचा व लाभाचा वाटा गरीब राष्ट्रांनाही द्यावा लागेल, असे त्यात आहे.

आनंदाची गोष्ट खरीच. तरी देवमाशांची हकीकत माहीत असलेला माणूस या करारावरच्या सह्या मोजणार नाही. तो विचारील, की राखीव क्षेत्रात कोण शिरले हे पाहणार कोण? आकडा लिहिणार कोण, आणि तो तपासायला परका माणूस येऊ देणार का? १९४६ च्या करारावरही सह्या होत्या. देवमासे वाचले ते सव्वीस वर्षांनी, डेकवर दुसऱ्याचा माणूस उभा राहिल्यानंतर.

कुबडा देवमासा ऐंशी-नव्वद वर्षे जगू शकतो. १९६६ च्या त्या नोव्हेंबरात भाल्यातून निसटलेले एखादे पिल्लू आजही आपल्या किनाऱ्यासमोर पोहत असणे अशक्य नाही. त्याच्या एका आयुष्यात माणसाने त्याला मारण्याचा करार मोडला, आणि त्याला राखण्याचा करार केला. हा दुसरा करार आपण पाळला की नाही, हेही कदाचित ते आपल्या डोळ्यांनी पाहील.